‘सवय होते’ म्हणजे नेमकं काय होतं?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरत आला: ‘आम्ही रुळांशेजारच्या चाळीत वाढलो. लोकलच्या खडखडाटात झोपलो, अभ्यास केला. पोरांच्या कानांना सवय होते, उलट त्यांना गोंगाटच आवडतो. आवाजाच्या तक्रारी म्हणजे आजकालच्या आईबापांचे चोचले.’ खाली अंगठ्यांची रांग. मीही रुळांशेजारीच वाढले, म्हणून एकेक वाक्य घेते.

‘सवय होते.’ होते, खरं आहे. पण कशी होते ते बघा. आवाज थांबत नाही म्हटल्यावर मूलच ऐकणं थांबवतं, आणि नको ते गाळताना हवं तेही गाळलं जातं. गोंगाटातून कामाचं बोलणं नेमकं वेचणं हे मोठ्यांना जमतं तसं मुलांना पौगंडावस्थेपर्यंत जमत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये महामार्गाच्या डोक्यावर ३२ मजली इमारती उभ्या आहेत. तिथल्या मुलांवरचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. उच्चारानं जवळचे शब्द (आपल्याकडचे ‘पाट’ आणि ‘पाठ’ समजा) वेगळे ओळखणं खालच्या मजल्यांवरच्या मुलांना वरच्यांपेक्षा जड जात होतं, आणि वाचनातही ती मागे होती. मेसेजवाल्यांनी पुढचं नीट वाचावं: हा फरक तिथे चार किंवा जास्त वर्षं राहिलेल्या मुलांत अधिक ठळक होता. सवय व्हायला भरपूर वेळ मिळाला होता तो त्यांनाच.

‘अभ्यास केला.’ केला, पण किती बुडाला याचा हिशेब आपण कधी ठेवलाच नाही. त्याच शहरात आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो ठेवला. एकच शाळा. इमारतीची एक बाजू उन्नत रेल्वेच्या रुळांकडे, दुसरी शांत. १९७५ सालचा त्यांचा निष्कर्ष असा की रुळांकडच्या वर्गांतली मुलं सहावीपर्यंत वाचनात जवळजवळ वर्षभर मागे पडली होती. दर चार-पाच मिनिटांनी गाडी, म्हणजे तेवढ्या वेळा शिकवणं बंद. आमच्या बाईसुद्धा लोकल जाईपर्यंत खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आम्हाला ती गंमत वाटायची.

‘झोपलो.’ मूल जागं झालं नाही म्हणजे शरीरानं आवाज ऐकला नाही असं नव्हे. झोपेतही हृदयाचे ठोके आवाजाबरोबर वाढतात.

‘त्यांना गोंगाटच आवडतो.’ इथे मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. सात वर्षांच्या भाचीला घेऊन मी बाजारातून घरी येईपर्यंत आवाज मोजायचा खेळ खेळते. तिच्या ‘छान’ यादीत कुल्फीवाल्याची घंटा, भांडीवालीची आरोळी, शाळा सुटल्याचा कल्ला, ढोल. ‘घाण’ यादीत रिक्षाचा हॉर्न, सोसायटीची पाण्याची मोटर, ड्रिलिंग. कल्ला हॉर्नपेक्षा काही हळू नसतो. पण त्यात ती स्वतः असते, हॉर्न तिच्यावर येतो, आणि तोही बरोबर तिच्या कानाच्या उंचीवर. मोठी माणसं ‘आवाज किती’ विचारतात. ती ‘कोणाचा, कशाला’ विचारते. तेव्हा मुलांना शांत शहर नको असतं हे कबूल. त्यावरून त्यांना कुठलाही आवाज चालतो हे कुठून काढलंत? शिवाय आवडीचा आवाज कानाला माफी देत नाही. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, मग त्या डीजेच्या भिंतीसमोर बाबांच्या खांद्यावर बसून आनंदानं नाचताना का मेलेल्या असेनात.

‘चोचले.’ २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येतं, आणि तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबल. कायद्याला चोचले म्हणायचं असेल तर म्हणा.

न्यूयॉर्कच्या त्या शाळेचं पुढे काय झालं? रुळांखाली रबराच्या पट्ट्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. १९८१ साली ब्रॉन्झाफ्टबाईंनी पुन्हा तपासलं, तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं सारखंच वाचत होती.