‘घरी न्या’ म्हणजे ‘सोडून द्या’ नव्हे

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यातला दावा असा: शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला घरी हॉस्पिस सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणारी शुश्रूषा, देणं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकणं, मॉर्फिन देऊन मरण ओढवून आणतात, खाणंपिणं तोडतात आणि सगळा भार घरच्यांवर टाकून मोकळे होतात. अशा रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून एका मुलाने वडिलांचं मॉर्फिन परस्पर बंद केलं. ते रात्रभर कण्हत होते. म्हणून लिहितेय.

आधी मॉर्फिनचंच, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचं. डॉक्टर ते अगदी थोड्या मात्रेने सुरू करतात आणि दुखणं आटोक्यात येईपर्यंत बेताबेताने वाढवतात. साधं, म्हणजे हळूहळू सुटणारं नसलेलं, मॉर्फिन साधारण दर चार तासांनी द्यायचं असतं, कळ उठायची वाट न बघता. पहिले काही दिवस गुंगी येते, मग बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होतेच, म्हणून जोडीला पोट साफ होण्याचं औषध असतं. थोड्या मात्रेत ते धापेलाही उतार देतं. मनाने डोस वाढवणं धोक्याचं, आणि एकाएकी बंद करणंही. शेवटच्या दिवसांत औषध चालू असतं, त्यामुळे कुठला तरी डोस शेवटचा ठरतोच. त्यानंतर माणूस गेला की बोट औषधाकडे जातं. माणूस जातो तो आजाराने.

उपचार सोडतात, हेही खरं नाही. आजार बरा करू न शकणारे आणि नुसता त्रास देणारे उपचार थांबतात. वेदना, मळमळ, पाठीच्या जखमा, रात्रीची भीती यांवरचे चालू राहतात. आधुनिक हॉस्पिस सेवेचा पाया घालणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि १९६९ पासून तिथली टीम घरोघरी जाऊ लागली. वेदना शरीराची असते तशी मनाची आणि नात्यांचीही असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

उपासमारीचा आरोप घरच्यांना सर्वांत जास्त बोचतो. शरीर मिटत चाललं की भूक आपोआप जाते. बळजबरीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईन लावलं तर अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. मागितलेला घास मात्र कुणीही नाकारत नाही. एका घरी लेक चमचा घेऊन रडत होती, आई ओठ घट्ट मिटून. मी ओला बोळा आईच्या ओठांवर फिरवला. तिने तो हलकेच चोखला. मग बोळा लेकीच्या हातात दिला. पुढचे चार दिवस दर अर्ध्या तासाने तीच आईचे ओठ ओले करत होती.

भाराबद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. रात्रंदिवस करणारं घरात बहुधा एकच माणूस असतं, बहुतेकदा बाईच. तिला झोप मिळायला हवी, अडीअडचणीला रात्री फोन उचलणारं कुणी हवं. ते नसेल किंवा दुखणं घरी आवरत नसेल, तर हॉस्पिसमध्ये दाखल करावं. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

त्या वडिलांचं मॉर्फिन डॉक्टरांनी सकाळीच पुन्हा सुरू केलं. दुपारी मी गेले, तेव्हा ते कुशीवर झोपले होते आणि मुलगा उशाशी बसून वहीत डोसची वेळ लिहीत होता.