डुकरांच्या तापाची लॅब टेस्ट: व्हायरल मेसेजमधलं खरं किती?

वराहपालकांमध्ये फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पीसीआर ही लॅब टेस्ट मेलेल्या विषाणूलाही पॉझिटिव्ह दाखवते, म्हणून ती फसवी, स्वस्तातली अँटिबॉडी टेस्ट (संसर्गानंतर शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) केली की भागतं, दोन-चार डुकरं निगेटिव्ह आली की कळप मोकळा, आणि जाणत्याला रोग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो.

शेवटचा दावा आधी घेऊ, तो लगेच निकालात निघतो. आफ्रिकन स्वाइन फीवर असो वा क्लासिकल स्वाइन फीवर, चढा ताप, कानांवर-पोटावर लाल-जांभळे चट्टे आणि शवविच्छेदनात ठिकठिकाणी रक्तस्राव दोन्हींत दिसतो. विषाणू मात्र एक डीएनएचा, दुसरा आरएनएचा. नातं काडीचंही नाही. एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. इरिसिपेलास हा जिवाणूजन्य रोगही कातडीवर असाच रंग दाखवतो, आणि तो पेनिसिलिनने बरा होतो. डोळ्यांनी संशय घ्यावा, निदान करू नये.

पीसीआरबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. ही चाचणी विषाणूची जनुकं शोधते. तो जिवंत आहे का, हे तिला कळत नाही. रोगातून वाचलेल्या डुकराच्या रक्तात आफ्रिकन स्वाइन फीवरचा डीएनए पुढे बराच काळ सापडू शकतो. पण अहवालात सीटी व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, तो मेसेजवाल्याने पाहिलेला दिसत नाही. विषाणू दिसायला पीसीआरची किती चक्रं लागली ते तो सांगतो, म्हणजे आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त. पीसीआरच्या प्रत्येक चक्रात डीएनए जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे सीटी १८ आणि सीटी २८ यांत सुमारे हजारपटीचा फरक पडतो. डुक्कर तापाने फणफणलंय, शेजारच्या कप्प्यात मर लागलीय आणि सीटी १८ आलाय. याला ‘मेलेले तुकडे’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार.

जिवंत विषाणू दाखवायची परीक्षाही आहे, १९६० पासूनची. डुकराच्या पांढऱ्या पेशींवर नमुना घालतात. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू असेल तर बाधित पेशीभोवती तांबड्या पेशी पाकळ्यांसारख्या चिकटतात. देखणी गोष्ट, पण दिवस खाते, ताजा नमुना आणि कडक जैवसुरक्षा मागते. विषाणूचे काही प्रकार तर पेशी चिकटवतच नाहीत. कुजलेल्या नमुन्यातला मेलेला विषाणू इथे वाढत नाही, पीसीआरला मात्र तो बरेचदा सापडतो. मेसेजने दोष म्हणून सांगितलेला गुण इथेच कामी येतो.

खरा धोका ‘फक्त अँटिबॉडी टेस्ट करा’ या सल्ल्यात आहे. आफ्रिकन स्वाइन फीवरमध्ये अँटिबॉडी साधारण ७ ते १० दिवसांनी दिसू लागतात. जहाल प्रकारात तेवढ्यात डुक्कर मेलेलं असतं. म्हणजे ऐन साथीत एलायझा (हीच ती अँटिबॉडी टेस्ट) निगेटिव्ह. क्लासिकलमध्ये आणखी वाईट: गर्भातच बाधा झालेली काही पिल्लं विषाणूला आपलाच मानतात, अँटिबॉडी बनवतच नाहीत आणि महिनोन्‌महिने विषाणू पसरवत राहतात. उलट बाजूने, क्लासिकलच्या विषाणूच्या नात्यातल्या, गुरांच्या बीव्हीडी विषाणूचा संसर्ग झालेलं डुक्कर क्लासिकलच्या एलायझात खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. मग अँटिबॉडी विषाणूला कितपत निष्प्रभ करतात हे पाहणाऱ्या न्यूट्रलायझेशन चाचणीत दोन्ही विषाणूंविरुद्धच्या अँटिबॉडींचं प्रमाण ताडून पाहावं लागतं. एलायझा टाकाऊ नाही. जुना संसर्ग, सौम्य प्रकार, कळपाची पाहणी, यांसाठी ती हवीच.

राहिला ‘दोन-चार निगेटिव्ह’चा हिशेब. मोठ्या कळपात १० टक्के डुकरं बाधित असतील, तर किमान एक तरी ९५ टक्के खात्रीने हाती लागायला सुमारे २९ डुकरं तपासावी लागतात, तीही सरमिसळ निवडलेली. ५ टक्के असतील तर ५९. चाचणी अचूक धरून हे आकडे निघतात, प्रत्यक्षात जास्तच लागतील. साथीचा संशय असेल तेव्हा मात्र निवड सरमिसळ नको, आजारी आणि नुकतीच मेलेली डुकरं आधी.

इतक्यांना पकडून रक्त काढणं जिवावर येतं, हे खरंच. पीआरआरएससारख्या (डुकरांचा प्रजनन आणि श्वसनाचा विषाणूजन्य रोग) रोगाच्या पाहणीला त्यावर तोड आहे: कप्प्यात सुती दोर टांगायचा, डुकरं तो चघळतात, मग पिळून निघालेली लाळ पीसीआरला पाठवायची.