पाऊस नसताना माळा टपकतो, तेव्हा डांबर काय कामाचं?

एक मेसेज सध्या आमच्या नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय: “माळ्यावर ओल आली म्हणजे छत गळतं. वरून डांबर मारा, माळ्याच्या सगळ्या फटी बुजवा, कोपऱ्यात वाटीभर मीठ ठेवा, बुरशी ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिडनं घासा, वरून ऑइलपेंट द्या. कटकट कायमची संपली.” नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्यानं यातलं निम्मं करूनही टाकलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

‘ओल म्हणजे छत गळतं’ इथेच गाडी चुकते. आत्याकडे कवेलू (कौलं) काढून टिना, म्हणजे पत्रे, टाकल्या, त्याच वर्षी डिसेंबरात पहाटे माळ्यावरच्या गाद्यांवर थेंब पडायला लागले. “काऊन रे, पाऊस नाही न पाणी नाही, अन् हे टपकून काऊन राहिलं?” आत्यानं विचारलं. आता पाऊसच नाही तर पाणी वरून येणार कुठून? ते घरातलंच. गॅस जळताना वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात पसरतं. त्यात भाताची वाफ, आंघोळीचं गरम पाणी, आत वाळत घातलेले कपडे आणि झोपलेल्या माणसांचे श्वास मिळवा. ही गरम हवा वर चढते आणि माळ्यावर जाऊन बसते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र कितीदा तरी १० अंशांच्या आसपास उतरते, आणि निरभ्र आकाशाखाली टिन तर भोवतालच्या हवेहूनही गार पडतं. घरातली हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर पत्रा १२ अंशांच्या खाली जाताच त्यावर दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, म्हणून तांबा गळका आहे असं आपण म्हणत नाही.

कवेलूंच्या सांदीसांदीतून वारा खेळायचा, म्हणून ही वाफ निघून जायची. कवेलू फेरायची कटकट गेली, त्याबरोबर तो वाराही गेला.

आणि डांबर? डांबर चढलेला पत्रा रात्री आकाशाकडे चकचकीत पत्र्यापेक्षा जास्त उष्णता फेकतो, म्हणजे आणखी गार होतो. आत्याचे थेंब डांबरानंतर वाढले ते उगाच नाही.

खरी गळती नसतेच असं मी म्हणत नाही. स्लॅबवर टाकी असेल, पॅरापेटला भेग असेल, तर पाणी मुरतंच. ओळखायला सोपं आहे. डाग पुसून कोरडा करा, त्यावर फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवस थांबा. थेंब फॉइलच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या, अंगावर आले तर दव. फॉइलमागे छत ओलं निघालं तरच मिस्त्रीला बोलवा.

‘फटी बुजवा’ यात अर्धं सत्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा माळा उघडा टाकून काही वाळत नाही. पण ऑक्टोबरपासून पुढे आपल्याकडची हवा कोरडी होत जाते, आणि एप्रिल-मे तर पापड वाळवायचे दिवस. तेव्हा माळा बंद ठेवणं म्हणजे फुकटचा वाळवण्याचा हंगाम घालवणं. नागपूरकरांची आणखी एक खोड: मृग लागून पंधरा दिवस झाले तरी कूलरचा पंप सुरूच. मेच्या कोरड्या हवेत कूलर गारवा देतो, जूनच्या शेवटी तो फक्त ओलावा देतो. पंप बंद करा, पंखा चालू द्या.

मिठाचं फार बोलायला नको. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच पाणी ओढू लागतं, तेही चमच्या-चमच्यानं. २२ लिटरपुढे वाटीभर मीठ!

अ‍ॅसिडचं मात्र ठासून सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. माळ्यासारख्या कोंदट जागी वाकून घासणाऱ्या माणसाच्या छातीत तो थेट जातो. मेसेजमधली अ‍ॅसिडची ओळ तरी पुढे पाठवू नका. बुरशी साबणाच्या पाण्यानं पुसा, नाकातोंडाला मास्क लावा, मग जागा नीट वाळू द्या.

ऑइलपेंट ओल्या भिंतीवर दिला तर आतलं पाणी आतच अडकतं आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. जुन्या चुन्याच्या भिंतीला पुन्हा चुनाच द्यावा. तो ओल बाहेर पडू देतो, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशीही सहज धरत नाही.

आत्याकडे शेवटी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवला, माळ्याच्या दोन्ही टोकांना जाळीचे झरोके काढले आणि गाद्या फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्या. गेल्या हिवाळ्यात गाद्या कोरड्या राहिल्या. कडाक्याच्या दोन-चार पहाटे पत्र्याला थेंब दिसले, पण उन्हं येईतो वाळूनही गेले. डांबर मात्र तसंच आहे. मे महिन्यात ते पातळ होऊन वळचणीला ओघळतं, आणि तो मेसेज पाठवणाऱ्या भाचीचा आत्या दरवर्षी नव्यानं उद्धार करते.