सहा महिने, तीन वर्षं आणि एक नाईक

नागोयात राहून नऊ वर्षं झाली, तरी साताऱ्याच्या घरातला प्रत्येक वाद फोनवरून माझ्यापर्यंत येतोच. परवा अग्निवीरांवरून, म्हणजे सहा महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या जवानांवरून पेटला. पुतण्या भरतीच्या तयारीत आहे. पहाटे पळतो, रात्री अॅनिमे बघतो. आमचे थोरले काका, म्हणजे अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. अण्णांचं म्हणणं, सहा महिन्यांत जवान घडत नाही. पुतण्या लगेच म्हणाला, "आजोबा, अटॅक ऑन टायटनमध्ये बघा, तीन वर्षं ट्रेनिंग देतात." अण्णा भडकले, "कार्टून बघून मला फौज शिकवतोस?"

मला पुतण्याचा मुद्दा थट्टेवारी न्यावासा वाटत नाही. ती मालिका मी दोनदा पाहिली आहे आणि तिच्यातलं सैन्य मला बऱ्याच अंशी पटतं. माणसं खाणारे राक्षस एकदा मान्य केले की पुढचा हिशेब काटेकोर आहे. सैनिक कमरेच्या यंत्रातून तारा सोडून हवेत झेपावतात, पण त्या यंत्राला गॅस लागतो, पाती मोडतात. त्रोस्त शहराच्या लढाईत मुलं हरायला येतात ती गॅस संपल्यामुळे, कारण कोठाराला शत्रूचा वेढा पडलेला असतो. ज्याच्या घरात फौजेची नोकरी आहे त्याला हे लगेच कळतं. सर्वेक्षण दलाचा, म्हणजे तटाबाहेर मोहिमांवर जाणाऱ्या तुकडीचा सेनापती एर्विन, त्याची लांब पल्ल्याची रचनाही तशीच. घोडेस्वार मैदानभर दूरदूर पांगलेले, राक्षस दिसला की लाल धूर, विचित्र वागणारा असेल तर काळा, आणि दिशा बदलायची तर हिरवा. लढाई टाळण्यासाठी आखलेली रचना! आमच्याकडे गनिमी काव्याचं नाव घेताना छापा तेवढा आठवतो. निसटून जाणं हीसुद्धा त्यातलीच विद्या होती.

पटत नाही ते वेगळंच. त्या सर्वेक्षण दलातले दहातले नऊहून अधिक सैनिक चार वर्षांत मेले, असं खुद्द एर्विन नव्या मुलांना सांगतो. मग पाचव्या वर्षी ती धुराची भाषा नव्या मुलाला शिकवतं कोण? पंधरा वर्षांची पोरं तीन वर्षं शिकून आली, ठीक. पण त्यांच्या शेजारी घोडा हाकणारा, चार मोहिमा पाहिलेला माणूसच उरला नसेल, तर असं दल दोन मोहिमांत मोडून पडेल. लेखकाने मोजक्या निष्णात वीरांवर ते तोलून धरलं आहे. कथेत ते चालतं, फौजेत चालणार नाही.

खऱ्या फौजेचं उदाहरण इथेच जवळ आहे. नागोयाहून शिन्शिरो गाव फार लांब नाही. 1575 साली नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या सरदाराने तिथेच लाकडी कुंपणाआडून ताकेदा घराण्याचं घोडदळ अडवलं. ते कुंपण आता पुन्हा उभारलं आहे. मे महिन्यातल्या उत्सवात जुन्या तोड्याच्या बंदुका उडवून दाखवतात. दारू ओतायची, गोळी ठासायची, तोडा सांभाळायचा. दुसरा बार निघेपर्यंत ताकेदांचा घोडा केवढा जवळ आला असेल, हे तिथे उभं राहून कळतं. तीन हजार बंदुका तीन रांगांत आळीपाळीने झाडल्या, या प्रसिद्ध गोष्टीवर आता इतिहासकार शंका घेतात. बंदूकधारी बहुतेक साधे पायदळाचे लोक. धनुष्यापेक्षा बंदूक लवकर शिकता येते. पण त्यांच्यावर नेमलेले सरदार माएदा तोशिइए आणि सास्सा नारिमासा वर्षानुवर्षं लढलेले होते.

म्हणून मला वाटतं, घरातला वाद चुकीच्या आकड्यावर चाललाय. सहा महिने की तीन वर्षं, हा प्रश्न दुय्यम आहे. 2022 च्या अग्निवीरांच्या योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होतात. बाकीची घरी परततात, जिवंत आणि धडधाकट, हा मालिकेपेक्षा फार मोठा फरक. तरी दहा वर्षांनी सेक्शनमध्ये, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीत, जुनं कोण असेल, हे विचारायलाच हवं. इतक्या दूरून बोलणं सोपं आहे हे मला माहीत आहे, पण त्या रांगेत आमच्याच घरचं पोर उभं आहे.

अण्णांना फोन लावला, पुतण्यालाही जोडून घेतलं. अण्णा म्हणाले, बेळगावच्या सेंटरात परेड शिकलो, फायरिंग शिकलो. पण पहिल्या बर्फात पाय वाचवले ते युनिटातल्या एका नाईकाने. ओले मोजे रात्री छातीशी धरून वाळवायचे, हे त्याने दाखवलं.

पुतण्याने विचारलं, "त्यांची तेव्हा किती सर्व्हिस झाली होती, आजोबा?"

"अकरा वर्षं," अण्णा म्हणाले.