खुलासा: आंद्रेस ओपेर यांच्या नावावर फिरणारे आकडे

'एस्टोनियाकडून सर्वाधिक गोल, सर्वाधिक सामने आणि नंतर मुख्य प्रशिक्षक' अशी फुटबॉलपटू आंद्रेस ओपेर यांची ओळख सध्या फिरते आहे. यातले गोल तेवढे खरे: १३४ सामन्यांत ३८, म्हणजे साधारण साडेतीन सामन्यांमागे एक. छोट्या देशाच्या आघाडीपटूसाठी ही कमाई मोठीच. सामन्यांत मात्र मधल्या फळीतले मार्टिन रेईम (१५७) पुढे आहेत. २०१६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले तेही रेईमच. ओपेर राष्ट्रीय संघात सहायक प्रशिक्षक होते.

ओपेर ज्या क्लबांकडून खेळले, त्यांची यादी करताना तर हमखास घोळ होतो. तोर्पेदो-मेटालुर्ग आणि एफसी मॉस्को हे दोन क्लब नव्हेत. २००४ मध्ये फक्त तोर्पेदो-मेटालुर्गचं नाव बदलून एफसी मॉस्को झालं. जुना तोर्पेदो मॉस्को हा क्लब वेगळाच.