‘पाच ओळी टाका, पॉपअप विसरा’: या फॉरवर्डमधलं काय चुकतं

नागपुरातल्या इतवारी-गांधीबागेतल्या पेढ्यांचे अकाउंटंट, धरमपेठेतल्या सीए ऑफिसांतली पोरं, कळमन्याच्या अडत्यांकडचे ऑपरेटर, यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थोडक्यात असा: ‘ऑटोहॉटकी फुकट आहे, डाउनलोड करा. बटनाची जागा माऊसने मोजा, नाही जमलं तर सरळ एंटर पाठवा. टायमर लावा. कुठल्याही सॉफ्टवेअरचा कुठलाही पॉपअप आपोआप येस होईल, ॲडमिनचासुद्धा. पाच ओळींचं काम आहे भाऊ, लावा नि विसरा.’

महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली, जीएसटीची रिटर्नं डोक्यावर बसली की तोच तो पॉपअप चाळीसाव्यांदा बंद करताना माणूस वैतागणारच. म्हणून सल्ला गोड वाटतो. ऑटोहॉटकी, म्हणजे आपल्या जागी की आणि क्लिक दाबणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट चालवणारी प्रणाली, फुकट आहे हे खरंच. २००३ पासून आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोजवर चालते. बाकीची वाक्यं एकेक करून पाहू. (कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, स्क्रिप्टमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

‘पाच ओळींचं काम आहे.’ फिरणाऱ्या त्या पाच ओळी जुन्या १.१ आवृत्तीच्या आहेत. २.० आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. आज साइटवरून उतरवून घ्याल ती २.०, त्यात जुनी स्क्रिप्ट टाकली की ती तशीच चालत नाही. स्वतःच्या स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘रिक्वायर्स’ची ओळ लिहून आवृत्ती नोंदवली की हा गोंधळ टळतो. दोन्हींतला आणखी एक फरक कामाचा आहे: विंडो किंवा बटन सापडलं नाही तर १.१ गुपचूप पुढे जाते, २.० थांबून एरर दाखवते. थांबणारी बरी.

‘बटनाची जागा माऊसने मोजा.’ सगळ्यात जास्त घोळ इथेच. विंडोजचा साधा मेसेज-बॉक्स आतल्या मजकुराप्रमाणे लहान-मोठा होतो. फाईलचं नाव लांब असलं की बॉक्स रुंद होतो, आणि बटनं उजव्या कडेला धरून असल्यामुळे तीही सरकतात. आता हे बघा. दोन बटनांच्या बॉक्समध्ये डावीकडून येस, नो. तीन बटनांच्या बॉक्समध्ये येस, नो, कॅन्सल. दोन्ही बॉक्स सारख्याच रुंदीचे असले, तर पहिल्यात जिथे येस होतं तिथेच दुसऱ्यात नो येऊन बसतं. म्हणजे येस दाबायला मोजलेली जागा ‘बदल सेव्ह करायचे का?’ या तीन बटनांच्या प्रश्नाला नो म्हणते, आणि सकाळपासूनच्या एंट्र्या जातात.

त्यात स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायची विंडोजची सेटिंग. एका टेबलावर १३६६ × ७६८ चा जुना लॅपटॉप १०० टक्क्यांवर, शेजारच्या टेबलावर १९२० × १०८० चा १२५ टक्क्यांवर. पहिल्यावर डावीकडून ३००, वरून १४० पिक्सेलवर असलेलं बटन दुसऱ्यावर साधारण ३७५, १७५ वर जातं. शिवाय १.१ मध्ये जागा मोजायला सुरुवात होते ती विंडोच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून, २.० मध्ये टायटल-बार सोडून आतल्या भागापासून. तेच आकडे, पण सुमारे ३० पिक्सेलचा फरक. बटनाची उंचीच जेमतेम तेवढी असते.

जागा मोजूच नका, बटन ओळखा. ऑटोहॉटकीसोबत ‘विंडो स्पाय’ नावाचं साधन येतं. पॉपअप समोर असताना ते उघडा आणि पॉइंटर बटनावर न्या. विंडोचं शीर्षक, तिचा क्लास म्हणजे विंडोचा प्रकार (साध्या डायलॉगचा #३२७७० असतो), कोणत्या ईएक्सईची म्हणजे प्रोग्राम फाईलची ती आहे आणि बटनाचा क्लासएनएन, म्हणजे ‘बटन१’ किंवा ‘बटन२’, एवढं दिसतं. मग ‘क्लिक’ऐवजी ‘कंट्रोलक्लिक’ वापरायचं. ते माऊस हलवत नाही आणि विंडो मागे असली तरी सहसा चालतं. चालढकल करत असेल तर ‘सेटकंट्रोलडिले’ उणे १ करा आणि कंट्रोलक्लिकला ‘एनए’ हा पर्याय द्या.

तरीही ‘बटन१’ म्हणजे येस असं डोळे मिटून धरू नका. विंडोजच्या हिशेबात चेकबॉक्स आणि रेडिओ बटन यांचाही क्लास ‘बटन’च आहे. ज्या पॉपअपमध्ये ‘पुन्हा विचारू नका’ची चौकट असते तिथे ‘बटन१’ ती चौकटच निघू शकते. मग स्क्रिप्ट येस दाबण्याऐवजी चौकटीत टिक करते, काढते, परत करते आणि पॉपअप जागचा हलत नाही. त्यापेक्षा बटनावरच्या मजकुरावरून दाबा. त्यातही एक खोच आहे. येसच्या वायखाली जी रेघ असते ती अँपरसँडमुळे (&) येते, आणि तो अँपरसँड मजकुराचा भाग असतो. जुळणी ‘सुरुवातीपासून’ या पद्धतीची असेल तर नुसतं ‘येस’ लिहून बटन सापडत नाही, आधी अँपरसँड टाकावा लागतो. ओकेला तो नसतो.

‘नाही जमलं तर सरळ एंटर पाठवा.’ एंटर म्हणजे येस नव्हे. एंटर म्हणजे त्या क्षणी जे बटन डिफॉल्ट आहे ते. प्रोग्राम लिहिणारे धोक्याच्या प्रश्नांना मुद्दाम दुसरं बटन डिफॉल्ट ठेवतात, म्हणजे घाईत एंटर मारणारा वाचावा. तिथे तुमची स्क्रिप्ट इमानदारीत नो दाबत राहते. दुसरी गोष्ट, एंटर जातो तो पुढे असलेल्या विंडोला. विंडोज सहसा मागच्या प्रोग्रामला जबरदस्तीने पुढे येऊ देत नाही, फक्त टास्कबारवर त्याचं चिन्ह लुकलुकतं. पॉपअप मागे, तुम्ही पुढे नॅरेशन टाइप करताय, आणि स्क्रिप्टचा एंटर तुमच्या अर्ध्या वाक्यावर. आणि एंटरऐवजी एस्केप पाठवू असं कुणी सुचवलं तर, फक्त येस-नो असलेल्या मेसेज-बॉक्सवर एस्केप काहीच करत नाही. वरची फुलीही तिथे बंद असते.

‘कुठलाही पॉपअप.’ समजा तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या प्रत्येक पॉपअपचं शीर्षक ‘बिलिंग’ एवढंच आहे. ‘बिल छापायचं?’ त्याच शीर्षकाखाली, ‘बिल रद्द करायचं?’ही त्याच. शीर्षकावरून ओळखणारी स्क्रिप्ट दोन्हींना येस म्हणेल. वर २.० मध्ये शीर्षकाची जुळणी डिफॉल्टने ‘कुठेही असलं तरी चालेल’ अशी असते, १.१ मध्ये ती ‘सुरुवातीला असलंच पाहिजे’ अशी होती. त्यामुळे ‘बिलिंग’ हा शब्द ज्या-ज्या विंडोच्या नावात कुठेही आहे ती प्रत्येक जाळ्यात येते. मोठी-लहान अक्षरं मात्र जशीच्या तशी जुळावी लागतात.

म्हणून तीन अटी एकत्र लावायच्या: शीर्षक, ईएक्सईचं नाव आणि आतल्या प्रश्नाचा मजकूर. ऑटोहॉटकीत विंडो शोधताना शीर्षकानंतरची दुसरी जागा मजकुरासाठीच आहे, फॉरवर्डवाले ती रिकामी सोडतात. प्रश्न मराठीत असेल तर स्क्रिप्टची फाईल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करा. १.१ वर असाल तर ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’, नाहीतर देवनागरीचा कचरा होतो आणि अट कधीच जुळत नाही.

‘कुठलंही सॉफ्टवेअर.’ नाही. टॅलीत व्हाउचर संपताना जे ‘ॲक्सेप्ट? येस ऑर नो’ येतं ती विंडोजची वेगळी विंडो नाहीच, टॅली ते स्वतःच्या पडद्यावर रंगवते. विंडो स्पाय नेलं तरी तिथे ‘बटन१’ दिसत नाही. तिथे कंट्रोल-ए हा टॅलीचाच शॉर्टकट पुरतो, स्क्रिप्टची गरजच काय! ब्राउझरच्या पानातले पॉपअप, जावावर चालणाऱ्या युटिलिटी, बरीच नवी सॉफ्टवेअरं, सगळीकडे हीच कथा: विंडो एक, आतली बटनं नुसती चित्रं. त्यांच्यासाठी यूआय ऑटोमेशनचा, म्हणजे पडद्यावरची बटनं दुसऱ्या प्रोग्रामला ओळखू देणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, रस्ता आहे. २०२१ पासून विंडोज १० वापरणाऱ्यांना फुकट मिळणारं ‘पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप’ बऱ्याच ठिकाणी त्यातून बटन हुडकून देतं.

आणि टॅली किंवा दुसरं काही तुम्ही रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर चालवत असाल, तर तुमच्या मशीनला तिथलं काहीच कळत नाही. सर्व्हरचा अख्खा पडदा तिच्यासाठी एक फोटो. स्क्रिप्ट सर्व्हरवर, त्याच लॉगिनमध्ये चालू हवी. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरलाही हेच लागू.

‘ॲडमिनचा पॉपअपसुद्धा.’ हे सरळ खोटं आहे. ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ हा यूएसीचा, म्हणजे विंडोजच्या ॲडमिन-परवानगीचा प्रश्न नेहमीच्या सेटिंगमध्ये वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर येतो. मागचा पडदा काळवंडतो तो त्यामुळेच. तुमच्या लॉगिनमधल्या स्क्रिप्टची क्लिक तिथे पोचत नाही, आणि पोचू नये यासाठीच ती सोय आहे. त्याशिवाय विंडोज व्हिस्टापासूनचा नियम असा की साध्या अधिकाराने चाललेला प्रोग्राम ॲडमिन म्हणून चाललेल्या विंडोला क्लिक किंवा की पाठवू शकत नाही. स्क्रिप्ट चालू आहे, विंडो समोर आहे, आणि क्लिक मात्र लागत नाही, असं दिसलं की पहिला संशय याचाच घ्या. उपाय म्हणजे ती एकच स्क्रिप्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवणं. रोज तोच एक प्रोग्राम यूएसी मागत असेल तर टास्क शेड्युलरमध्ये त्याचं टास्क करून ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक करा. यूएसीची पट्टी तळाला ओढून बसू नका बाप्पा, मग रॅन्समवेअरलाही विचारणारं कुणी उरत नाही.

‘टायमर लावा नि विसरा.’ ऑटोहॉटकीचा टायमर काही न सांगता लावला तर दर २५० मिलिसेकंदांनी तपासतो, सेकंदाला चारदा. आता प्रिंटर बंद आहे, ‘पुन्हा प्रयत्न करायचा?’ हा पॉपअप येतो, स्क्रिप्ट येस दाबते, तो परत येतो. तुम्ही तर्री-पोहे खाऊन येईपर्यंत शेकडो वेळा. म्हणून क्रम असा ठेवा: विंडोची वाट पाहा, तिन्ही अटी तपासा, दाबा, ती बंद होईपर्यंत ५ सेकंद थांबा. बंद झाली नाही, किंवा एका मिनिटात तोच पॉपअप तिसऱ्यांदा आला, की टायमर बंद आणि ‘साउंडबीप’. कॉम्प्युटर लॉक करून जेवायला जात असाल तर हेही लक्षात ठेवा: लॉक पडद्यामागे माऊसची ‘क्लिक’ आणि की पाठवणारी ‘सेंड’ चालत नाहीत, कंट्रोलक्लिक बहुधा चालते.

स्क्रिप्टला लगेच दाबायला लावूच नका. पहिला आठवडा तिला नुसतं लिहायला लावा: पॉपअप आला की ‘विनगेटटेक्स्ट’ने आतला मजकूर घ्यायचा आणि वेळेसकट ‘फाईलअपेंड’ने टेक्स्ट फाईलमध्ये टाकायचा. तिथेही एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. आठवड्याने ती फाईल वाचली की कोणता प्रश्न खरंच रोजचा आहे आणि कोणता महिन्यातून एकदा येणारा, पण जीवघेणा आहे, ते समोर असतं. रोजचे दोन-तीन स्क्रिप्टला द्या. बाकीचे तसेच उभे राहू द्या, माणूस येऊन बघेल. हाताने मजकूर हवा असेल तर साध्या मेसेज-बॉक्सवर कंट्रोल-सी मारा, शीर्षक, प्रश्न आणि बटनं सगळं कॉपी होतं. हे कित्येकांना माहीत नसतं.

स्क्रिप्ट थांबवायची हॉटकी, म्हणजे त्यासाठी राखलेली की, हवीच. पण ती एफ२ किंवा एफ५ ठेवू नका, टॅलीत त्या तारीख आणि पेमेंटच्या आहेत आणि ऑटोहॉटकी त्या सगळीकडूनच काढून घेते. कंट्रोल-ऑल्टसोबतची एखादी निवडा, किंवा ‘हॉटइफ’ लावून ठरलेल्या विंडोपुरती ठेवा.

डीएससी (डिजिटल सही) टोकनचा पिन विचारणारा पॉपअप या सगळ्यातून बाहेर. स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. पिन त्यात लिहिला की जो फाईल उघडेल त्याला दिसतो. ठराविक वेळा चुकीचा पिन गेला की टोकन लॉक होतं, आणि स्क्रिप्ट ते काही सेकंदांत करून दाखवते. ईएक्सई बनवली म्हणजे पिन लपला, असंही नाही. उलट अशा ईएक्सईला अँटिव्हायरस विनाकारण पकडतात, हा नेहमीचा अनुभव आहे.

आणि बरेच पॉपअप दाबण्याऐवजी येऊच न देता येतात, ज्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. एक्सेलचा ‘लिंक अपडेट करायच्या का?’ हा प्रश्न डेटा टॅबमधल्या एडिट लिंक्सच्या ‘स्टार्टअप प्रॉम्प्ट’मधून बंद होतो. माऊसच्या सेटिंगमध्ये पॉइंटर आपोआप डिफॉल्ट बटनावर नेण्याची टिक आहे, कित्येकांचं काम तेवढ्यावरच भागतं. एक्सेलच्या मॅक्रोत ‘डिस्प्लेअलर्ट्स’ फॉल्स केलं की प्रश्नच येत नाहीत. पण तिथे ‘सेव्हॲज’ला सांभाळा. त्याच नावाची फाईल आधीच असली तर हाताने करताना डिफॉल्ट उत्तर नो असतं. अलर्ट बंद असताना एक्सेल स्वतःच येस धरतं आणि जुनी फाईल पुसून नवी लिहितं.