‘देश बुडणार होते, त्याचे काय झाले?’ : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

हवामान बदलाविषयीचा एक संदेश गेली काही वर्षे सातत्याने फिरतो आहे. त्याचा आशय असा : सन २००० पर्यंत देशच्या देश बुडतील असे संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये सांगितले होते, पण एकही बुडाला नाही, मग ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हे नाव गुपचूप ‘क्लायमेट चेंज’ असे बदलण्यात आले, २०१८ मध्ये ‘आता फक्त १२ वर्षे उरली’ अशी नवी हाकाटी सुरू झाली, आणि शहरांचे प्रशासन वरून आलेला हा मजकूर लोकांना जसाच्या तसा वाचून दाखवते. संदेशातील वर्षे बहुतेक बरोबर आहेत, आणि तो पटकन पटतो तो त्यामुळेच.

पहिला मुद्दा १९८९ चा. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या न्यूयॉर्क कार्यालयाचे संचालक नोएल ब्राऊन यांचे म्हणणे त्या वर्षी असोसिएटेड प्रेसने प्रसिद्ध केले. तापमानवाढीचा कल सन २००० पर्यंत पालटला नाही, तर समुद्राची पातळी वाढून काही राष्ट्रे नकाशावरून पुसली जाऊ शकतात, असे ते होते. म्हणजे २००० ही पावले उचलण्याची मुदत होती, बुडण्याची तारीख नव्हे. शिवाय हे एका अधिकाऱ्याचे वृत्तसंस्थेशी झालेले बोलणे होते. हवामान बदलाचा शास्त्रीय आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरसरकारी समितीचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला आणि त्यात, उत्सर्जन तसेच चालू राहिल्यास दर दशकाला सुमारे ०.३ अंश सेल्सिअस तापमानवाढ होईल, तिची कक्षा ०.२ ते ०.५ अंश असेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षातील वाढ दशकाला साधारण ०.२ अंश, म्हणजे त्या कक्षेच्या खालच्या टोकाशी राहिली. टीकाच करायची तर ती या आकड्यावर करावी; निदान तो समितीने खरोखर दिलेला आहे.

नाव बदलल्याच्या आरोपावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. आयपीसीसीची स्थापना १९८८ ची, आणि तिच्या नावातील शेवटचे दोन शब्द तेव्हापासूनच ‘क्लायमेट चेंज’ असे आहेत.

‘१२ वर्षे’ या मुद्द्यावर मात्र दोष एकट्या संदेशकर्त्याचा नाही. आयपीसीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या विशेष अहवालात असे म्हटले होते की, तापमानवाढ १.५ अंशांपर्यंत रोखायची असेल तर कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटावे लागेल आणि २०५० च्या सुमारास शून्यावर यावे लागेल. या सशर्त विधानाचे मथळ्यांमध्ये ‘जग वाचवायला १२ वर्षे’ असे झाले. राजकीय नेतृत्वही अशा भाषेला हातभार लावते; जुलै २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस यांनी ‘जागतिक उकळण्याचे युग’ आल्याचे जाहीर केले. शास्त्रीय अहवालात ‘बहुधा’ या शब्दामागेही किमान ६६ टक्के शक्यता असा ठरलेला अर्थ असतो, तिथे ‘उकळणे’ बसत नाही, आणि असे शब्द संशय घेणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देतात, असे माझे मत आहे. खुद्द अहवालही निर्दोष नाहीत : हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, हे २००७ च्या अहवालातील विधान निराधार निघाले आणि आयपीसीसीने जानेवारी २०१० मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला.

तथापि, सरकारे आणि आयपीसीसी मिळून भीती वाढवतात हा संदेशाचा गर्भितार्थ या कामाच्या पद्धतीशी जुळत नाही. आयपीसीसीच्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारी प्रतिनिधींसमोर ओळीओळीने मंजूर होतो. प्रतिनिधी शब्दांवर हरकती घेतात, आणि बदललेले वाक्य अहवालातील मूळ प्रकरणाशी सुसंगत आहे की नाही हे अहवालाचे लेखक तपासतात. या घासाघिशीत मजकूर सहसा सौम्य होतो. एप्रिल २०१४ मध्ये बर्लिनच्या बैठकीत देशांच्या उत्पन्नगटांनुसार उत्सर्जन दाखवणाऱ्या आकृत्या काही सरकारांच्या आक्षेपामुळे सारांशातून गळाल्या. मूळ अहवालात मात्र त्या राहिल्या.

राहिला स्थानिक प्रशासनाचा प्रश्न. भरतीचे पाणी रस्त्यावर येणाऱ्या शहराला जागतिक सरासरीचा उपयोग मर्यादितच असतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या आग्नेय भागातील चार काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) एकत्र येऊन २०११ मध्ये समुद्रपातळीचा सामाईक अंदाज तयार केला आणि २०१५ व २०१९ मध्ये तो सुधारला. २०१९ च्या अंदाजानुसार, २००० च्या तुलनेत २०४० पर्यंत १० ते १७ इंच आणि २०७० पर्यंत २१ ते ५४ इंच वाढ अपेक्षित आहे. या कामात आयपीसीसीचे आकडे वापरले आहेत, पण अमेरिकी सागरी व वातावरणीय संस्थेचे आकडेही सोबत आहेत. कोणत्या बांधकामाला कोणता आकडा लावायचा, हे मार्गदर्शन स्थानिकच आहे : अल्पायुषी, कमी जोखमीच्या कामांना खालचा, तर दीर्घकाळ टिकावी लागणाऱ्या अत्यावश्यक सुविधांना वरचा.